टपाची मोटार आणि गोधड्यांचं छत्र

मोटारीचा टप उघडला की शास्त्रीबुवा ओरडत. बंद केला की रयत ओरडे. आणि दोन्ही वेळा खैरगडचे महाराज ओरडत ते मात्र दस्तगीरवर!

दस्तगीर मूळचा माहूत. दरबारची हत्तीण म्हातारी होऊन वारली, तेव्हा महाराजांनी ठरवलं, यंदा दसऱ्याचं शिलंगण मोटारीतून! दस्तगीर मोटार चालवायला शिकला आणि खरेदीला महाराजांबरोबर मुंबईला गेला. दुकानात नव्याकोऱ्या मोटारी चकाकत होत्या. कोपऱ्यात एक निळी, वापरलेली उभी होती. दस्तगीरने हत्ती पारखावा तशी तिची चाकं चाचपली, पाठीवर थाप मारली, कान लावून तिचा श्वास ऐकला.

"सरकार, हीच घ्या. स्वभावाने गरीब आहे."

तेवढ्यात दुकानदाराने कळ दाबली. अख्खा पत्र्याचा टप वर उचलला गेला, मागे वाकला आणि डिकीत गडप! पुन्हा कळ, पुन्हा टप डोक्यावर!

"उघडी हवी तर उघडी, बंद हवी तर बंद!" दुकानदार म्हणाला.

महाराजांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. "म्हणजे एका मोटारीत दोन मोटारी! बांधा!"

घोटाळा कळला तो खैरगडला आल्यावर. तिथली जुनी चाल अशी, की शिलंगणाला निघालेल्या राजाच्या डोक्यावर छत्र हवं, रयतेला त्याचं तोंड दिसायला हवं, आणि सीमेपर्यंत स्वारी कुठे थांबता कामा नये. हत्तीवरच्या अंबारीत हे सगळं आपसूक जमे. मोटारीत मात्र टप बंद केला तर तोंड दिसेना आणि उघडला तर छत्र उरेना!

छत्र धरणाऱ्या धोंडजीला मागच्या सीटवर उभं करून पाहिलं. मोटारीने वेग घेतला, छत्रात वारा भरला आणि धोंडजी छत्रासकट पाटलांच्या कडब्याच्या गंजीवर!

मग टप अर्ध्यावर थांबवून पाहिला.

"अर्धं छत्र?" शास्त्रीबुवा कडाडले. "महाराज काय अर्ध्या गावाचे राजे आहेत?"

महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. "दस्तगीर, ही मोटार तू पसंत केलीस! उद्या दसरा. छत्र हवं, तोंड दिसायला हवं आणि स्वारी थांबायची नाही. जमलं नाही तर मोटार मुंबईला परत आणि तू खैरगडाबाहेर!"

दस्तगीरने मान खाली घालून मोटार हत्तीखान्याच्या अंगणात आणून लावली. त्याची लेक जैबू फडकं घेऊन ती पुसू लागली. मोटार आल्यापासून जैबूला एकच वेड लागलं होतं. ती कळ एकदा, फक्त एकदा, आपल्या हाताने दाबायची! पण कळीला हात लावायची मुभा एकट्या महाराजांना. आणि आता कळ राहिली बाजूला, घरच सुटायची वेळ आली होती.

दसरा तोंडावर आला, की गावातली एकूण एक गोधडी नदीवर धुतली जाते. अम्मीनेही अंगणभर दोऱ्या बांधून गोधड्या वाळत टाकल्या होत्या. मोटार नेमकी त्यांच्याखाली उभी होती. जैबूने मान वर केली. वर गोधडी, तिच्याखाली उघड्या मोटारीत बसलेले अब्बा, आणि अब्बांचं उतरलेलं तोंड कसं लख्ख दिसत होतं!

जैबूने टुणकन उडी मारली. "अब्बा, टप उघडाच ठेवा! सामान बांधू नका!"

आणि ती गावात पळत सुटली.

"धुरपामावशी, उद्या गोधडी घेऊन वाटेवर या! सगळ्या गावाला सांगा!"

"अगं, आजच धुतलीय! कशाला हवी?"

"महाराजांना!"

"एकट्याला सगळ्या गावाच्या गोधड्या? एवढी थंडी वाजते?"

"या तर खरं! थंडी कुठली, उद्या सगळ्या गावाला घाम फुटेल!"

दुसऱ्या दिवशी मोटार वाड्याबाहेर आली ती टप पार डिकीत घालून. शास्त्रीबुवांनी दोन्ही हात वर केले. "छत्र कुठाय? अरे, छत्र कुठाय?"

"वर बघा, बुवा!" पुढे दस्तगीरशेजारी बसलेली जैबू ओरडली.

वाटेच्या दोन्ही अंगांना गाव उभं होतं आणि मधे, मागच्या सीटवर बसलेल्या महाराजांच्या डोक्यावर, गोधड्याच गोधड्या! ठिगळांच्या, लुगड्यांच्या, धनगरांची घोंगडीसुद्धा! मोटार हत्तीच्या चालीने खालून सरके. ती पुढे गेली की मागचे लोक गोधडी गुंडाळून धूम पळत पुढे जात आणि पुन्हा ताणून धरत. धोंडजीही एक कोपरा धरून होता, पाय जमिनीत घट्ट रोवून!

"ठिगळांचं छत्र?" शास्त्रीबुवा घोंगडीच्या लोकरीने शिंकत म्हणाले.

"बुवा, जरीचं छत्र एक माणूस धरतो आणि कडब्यावर जातो. हे अख्ख्या गावाने धरलंय. वाऱ्याला म्हणावं, उडवून दाखव!" जैबू म्हणाली.

स्वारी न थांबता सीमेवर पोचली. दस्तगीरने हुश्श केलं. पण महाराज भुवया आवळून उठले.

"छत्र होतं. तोंड दिसलं. स्वारी थांबली नाही. पण वाटेत एकाने, अगदी एकानेही मुजरा केला नाही! का?"

दस्तगीर गडबडीने हात जोडू लागला.

"सरकार," जैबू म्हणाली, "मुजऱ्याला हात खाली आणले असते, तर छत्र सरकारांच्या अंगावर आलं असतं! रयतेला हात दोनच. आता सरकारांनीच सांगावं, ते कशाला लावायचे? मुजऱ्याला की छत्राला?"

महाराजांनी गोधड्यांकडे पाहिलं. धापा टाकणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या गावाकडे पाहिलं. आणि ते असे खो खो हसत सुटले, की पागोटं घसरून दस्तगीरच्या मांडीवर पडलं!

"छत्राला, पोरी, छत्राला! मुजरा आजपासून माफ! दस्तगीर, मोटार राहिली आणि तूही राहिलास. आणि तुला काय देऊ गं? सोन्याचं कडं?"

"नको, सरकार. ती कळ!"

महाराजांनी कळीकडे बोट केलं. जैबूने डोळे मिटून ती दाबली. डिकीतून टप उठला, झुलत वर आला आणि खट्‌कन बसला. पुन्हा दाबली, आणि वर निळंभोर आभाळ!

"पुन्हा!" जैबूच्या आधी महाराजच ओरडले.