कड्याला लोटांगण

एकदा एक शिष्य सात वर्षे जग हिंडून गुरूंकडे परतला. वाळवंटातली अजस्र थडगी, कोसभर ऐकू जाणारा धबधबा, डोंगरामागून डोंगर ओलांडणारी भिंत, सारे त्याने पाहिले होते. लोक कुतूहलाने विचारत, "कसा होता हो तो धबधबा?" तो सांगे, "दोनशे दहा हात." विद्येचेही कधी कधी अजीर्ण होते, ते असे.

गुरू राहत त्या डोंगराला एक प्रचंड अंतर्वक्र कडा होता. यात्रेकरूंना तो दाखवण्याचे काम गुरूंचे. पण आता त्यांची दृष्टी मंदावली होती. दुसऱ्या दिवशी एक व्यापारी चाळीस माणसे घेऊन येणार होता. ती शिष्याच्या हाती सोपवावीत का, हे ठरवण्यासाठी गुरू त्याला दुपारीच कड्यावर घेऊन गेले.

तिथली रीत अशी की दहा पावले उरली की लोटांगण घालायचे आणि पुढे सरपटत जायचे. गुरू पालथे झाले. शिष्य मात्र हसून उभाच राहिला.

खाली धुके होते, आणि धुक्यातून वारा वर उसळत होता. गुरूंचे उपरणे उडाले ते दरीवर तसेच अधांतरी तरंगत राहिले, जणू कुणी अदृश्य माणसाने पांघरले आहे. शिष्य थेट कडेला गेला, हात पसरून वाऱ्यावर रेलला आणि ओरडला, "गुरुजी, पाहा! वाराच मला धरतो आहे!"

गुरूंनी सरपटत पुढे होऊन काठीचा तडाखा त्याच्या गुडघ्यांमागे हाणला आणि धोतर धरून त्याला मागे खेचले. तो दाणकन पडला. संतापून काही बोलणार, तोच वारा थांबला.

पान हलेना. पाखरू बोलेना. उपरणे सरळ खाली गेले आणि धुक्याने ते गिळले.  शिष्य पालथा झाला आणि सरपटत कडेपासून मागे सरला.

"वारा थांबणार, हे तुम्ही कसे ओळखलेत?" त्याने कसेबसे विचारले.

"मला ते ठाऊक नव्हते," गुरू म्हणाले. "तुला भीती वाटत नाही, एवढेच दिसले. बाबा रे, विराट काही पाहिले की काळजात धस्स होते, तो देहाचा शहाणपणा आहे. त्या धस्स होण्यालाच पूर्वजांनी लोटांगणाचे रूप दिले. तू मापे पाठ केलीस आणि ते धस्स होणे हरवून बसलास."

दुसऱ्या दिवशी शिष्यच चाळीस जणांच्या पुढे होता. व्यापाऱ्याने उत्साहाने विचारले, "किती खोल आहे हो ही दरी?"

शिष्य केव्हाच जमिनीला छाती टेकून पडला होता. तो हलकेच म्हणाला, "आधी पालथे व्हा, शेठ."