तांबेरावांच्या तोलाचा जोडीदार

धातूंना बोलता यायचं आणि ते जरा जास्तच बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका प्रयोगशाळेच्या टेबलावर मिठाच्या नळीने जोडलेली दोन काचपात्रं होती. एकात मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांबेराव उभे असत, दुसऱ्यात साध्या दिसणाऱ्या पाण्यात जस्तोबा. दोघांमधल्या तारेवर मीटर होता आणि त्याचा काटा सदा झुकलेला. तो आपल्यालाच मुजरा करतो, असं तांबेराव समजून चालले होते.

जस्तोबा रोज झिजायचा. त्या झिजण्यातून तारेत वीज खेळायची आणि तांबेरावांच्या अंगावर नवं तांबं चढायचं. पण भिंतीवरच्या धातूंच्या विद्युत-विभवाच्या तक्त्यात तांबेराव शून्याच्या वर होते आणि जस्तोबा शून्याच्या खाली. दोघांच्या आकड्यांत जितका फरक, तितका काटा झुकायचा.

एक दिवस तांबेराव म्हणाले, "शून्याखालच्याशी किती दिवस तार जोडून राहायचं? मला माझ्या तोलाचा जोडीदार हवा."

"जातो मी," जस्तोबा म्हणाला. "पण काट्याला विचारलंत का?"

"त्याला काय विचारायचं? तो माझाच आहे."

जस्तोबा निमूट खणात जाऊन पडला. त्याच्या जागी तांबेरावांचे चुलतबंधू आले, तसंच निळं पाणी घेऊन. तक्त्यातला आकडाही तोच, दशांशासकट. तार जोडली. काटा शून्यावर येऊन बसला आणि तिथून हलेना.

"बिघडलाय," चुलतबंधू म्हणाले.

"मला आधीपासूनच संशय होता," तांबेराव म्हणाले.

दोघांनी मिळून काट्याच्या निषेधाचा ठराव केला. त्या टेबलावर इतकं एकमत पूर्वी कधीच झालं नव्हतं.