पिंगळ्याचं छत

झाडांतही माडीवरचे आणि माडीखालचे शेजारी असत, त्या काळची ही गोष्ट. एका बेहड्याच्या पोकळ खोडात वर खार राहायची आणि खाली पिंगळा. मध्ये जुन्या लाकडाचा थर होता.

पिंगळा दिवसा झोपायचा आणि खार दिवसाच बेहडे फोडायची. रोज दुपारी पिंगळा डोळे मिटूनच ओरडायचा, "अगं, जरा हळू." खारीने खाली सावरीचा कापूस अंथरला, तरी आवाज पोचायचाच. शेवटी पिंगळा म्हणाला, "तू हे घर सोड."

खारीच्या पिल्लांचे अजून डोळेही उघडले नव्हते. ती म्हणाली, "काका, एकदा वर बघा तरी. कुठून उजेड येतोय का?"

पिंगळ्याने कुरकुरत डोळे उघडले. त्याने आपलं छत दिवसाउजेडी कधी पाहिलंच नव्हतं. कडेच्या बारीक फटींतून उजेडाच्या रेघा खाली उतरत होत्या. तो एकेक फट चोचीने टोचून दाखवू लागला आणि खार वरून तिच्यात डिंकात कालवलेला सालीचा भुसा भरू लागली. शेवटची रेघ मिटली, तसा आवाजही थांबला.

संध्याकाळी बाहेर पडताना पिंगळा म्हणाला, "आज छान झोप लागली गं."

"आता आम्हालाही लागेल," खार म्हणाली. "तुमचं रात्रभर दारात बसून ओरडणं त्याच फटींतून वर यायचं."

"मग कधी बोलली नाहीस?"

"शेजार म्हटला की आवाज यायचाच, असं वाटायचं मला."

त्या रात्री पिंगळा ओरडायला पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.