ओळखीचा वास

पूर्वी वेत्रवती नगरीत शूरकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना, नगराबाहेरच्या एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत बोधिसत्त्व मधमाशी होऊन जन्मला होता. त्या जन्मी ना मुकुट, ना मंत्रिपद. ढोलीच्या तोंडाशी बसून पहारा करायचा, एवढेच काम. पोळ्यातल्या साऱ्या माश्या या थोरल्या पहारेकरणीला आक्का म्हणत.

माणसाच्या देहाला जशी कातडी, तशी त्या पोळ्याला बेहड्याची जाड साल होती; आणि देहाला जसे नाक-तोंड, तसे पोळ्याला एकच लहानसे दार. आत राणी होती, मध होता, मेणाच्या घरांत निजलेली पांढरी, आंधळी बाळे होती. बाळांना वाटे, जग म्हणजे नुसती ऊब. दाराशी काय काय येऊन जाते, हे त्यांना कधी कळतही नसे.

दाराची रीत ठरलेली होती. येणारीला आधी कपाळावरच्या मिशांनी स्पर्श करायचा, अंगाचा वास घ्यायचा, मगच वाट द्यायची. घरच्या साऱ्यांच्या अंगाला एकच वास असे, त्याच मेणाचा, त्याच राणीचा.

एकदा तिथे गांधीलमाशी आली. तिच्या कवचाला कुणाची नांगी लागेना. तेव्हा आक्काने हाक दिली. शेकडो माश्यांनी धावत येऊन तिला चेंडूसारखे वेढले आणि त्या अंगे थरथरवू लागल्या. त्या थरथरीने चेंडू तापत गेला. गांधीलमाशीला सोसत नाही इतकी उष्णता मधमाशीला सोसते, जेमतेम सोसते. त्या जेमतेम फरकावर पोळे वाचले. माणसाला ताप भरतो, तेव्हा त्याचा देहही काहीसे असेच करीत असतो.

पण त्या चेंडूतून चकिता नावाच्या तरुण माशीची बहीण परतली नाही. आणि थोड्याच दिवसांत चकिताची पाळी दारावर लागली.

ती कशालाही दचके. ढगाची सावली पडली तरी नांगी उगारून उभी राही. येणाऱ्याजाणाऱ्या तिला चिडवत. "काय गं, काल वाळक्या पानावर धावून गेलीस म्हणे! मेलं का ते?"

"मेलं असेल बाई. तेरावं कधी आहे, ते विचार."

"हसा तुम्ही," चकिता म्हणे. "पानाऐवजी ती असती म्हणजे?"

आक्का हसत नसे. ती चकिताच्या थोडी जवळ सरकून बसे, एवढेच.

वसंतोत्सवाचे दिवस आले. राजाच्या बागेत राजस्त्रिया एकमेकींवर वाळ्याचे, चंदनाचे पाणी उडवत होत्या. फुलावर बसलेली बकुळा नावाची माशी त्या पाण्यात नखशिखान्त भिजली. दुपारी ती पायांना परागाचे गोळे लावून, दमून, दाराशी उतरली. आक्का तेव्हा आत होती. चकिताने मिशा लावल्या. वास परका!

"थांब! कोण तू?"

"कोण म्हणजे? बकुळा! अगं, बाळ होतीस तेव्हा मीच भरवलंय तुला. सर बाजूला, पाय मोडून आलेत माझे."

आवाज ओळखीचा होता. पण वास परका होता, आणि चकिताच्या डोळ्यांपुढे ती जुनी गांधीलमाशी उभी राहिली. ती किंचाळली. तिच्या भयाचा वास क्षणात पोळेभर झाला. आतून माश्यांचे लोंढे आले, कुणी काही विचारले नाही, आणि बकुळाभोवती चेंडू तापू लागला. ज्या उपायाने घर वाचले होते, तोच उपाय घरच्याच लेकीला जाळू लागला.

आक्का धावत बाहेर आली. गांधीलमाशीचा वास ती एकदा घेतल्यावर विसरली नव्हती, आणि या चेंडूत तो नव्हता. "सोडा! घरचंच कुणीतरी आहे!" ती ओरडली. त्या गुणगुणाटात कुणाला ऐकू जाणार?

म्हाताऱ्या माशीला ती उष्णता सोसणार नाही, हे आक्काला ठाऊक होते. ती चेंडूत शिरली. वाट काढत काढत मध्याशी पोहोचली आणि बकुळावर आपले अंग पसरून, तिला घासून घासून घराचा वास लावू लागली. वरून दाबणारीच्या मिशा आक्काच्या पाठीला लागल्या. अरे, ही तर आपली! ती थांबली. तिच्या शेजारची थांबली. हळूहळू चेंडू उकलत गेला.

बकुळा जगली; तिचा एक पंख तेवढा चुरगळला. आक्काचे मात्र दोन्ही पंख करपले होते.

"हिला आधी दारावरून हाकला!" माश्या चकितावर तुटून पडल्या. "हिच्यापेक्षा ती गांधीलमाशी बरी. ती निदान परकी तरी होती!"

चकिता कोपऱ्यात थरथरत होती. "हाकल मला, आक्का. दाराशी बसलं की मला सगळ्यांत तीच दिसते."

"भिणं काही वाईट नाही गं," आक्का म्हणाली. "दाराशी झोपाळू बसवून कसं चालेल? पण तुला शत्रूच तेवढा पाठ आहे. घर कुठं पाठ आहे? चल आत."

तिने चकिताला बाळांच्या मेणघरांत नेले. चकिता बाळांना भरवी, त्यांच्यातच निजे. कुणी वाळ्यात भिजून येवो की चिखलात, त्या वासाखालचा घरचा वास शोधायला आक्काने तिला शिकवले. सालीच्या फटीत त्या मेलेल्या गांधीलमाशीचा एक वाळका पाय अडकून राहिला होता. तोही आक्काने पुढे केला. "हा काही करायचा नाही तुला. पण नीट हुंगून ठेव. खरी आली की शोधत बसायला नको."

मग चकिता पुन्हा दारावर बसली. एके सकाळी वाळके पान पडले. ती दचकली, मिशा लावल्या, पान जाऊ दिले. चुरगळल्या पंखाची बकुळा आली. चकिताने तिला वाट दिली. त्यामागून एक मोठी सावली आली. चकिताची नांगी आपोआप उगारली गेली. तरी तिने आधी वास घेतला, आणि मग हाक दिली. गांधीलमाशीने दारात पाऊल टाकण्याआधीच चेंडू बांधला गेला होता. या वेळी सगळ्या परतल्या.

चकिता सांगायला आत धावली. आक्का बाळांशेजारी पडून होती, अंग गार होत चाललेले. चकिता तिला बिलगून बसली.

"अजून थरथरतेस?" आक्काने विचारले.

"हो, आक्का. जातच नाही गं."

"राहू दे. छान ऊब येतेय."

त्या उबेतच आक्काने देह ठेवला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, कुमुदा नावाच्या तरुण भिक्षुणीला सांगितली. मोठ्या तापातून उठल्यापासून ती प्रत्येक स्पर्शाला भिई. पेज घेऊन आलेल्या नंदिला नावाच्या वृद्ध भिक्षुणीचा हात तिने घाबरून झिडकारला होता, आणि कढत पेज त्या हातावर सांडली होती. शास्ते म्हणाले, "कुमुदे, तुझ्या देहाच्या दाराशीही पहारा आहे. तू निजलीस तरी तो जागा असतो, आणि ज्याच्याशी एकदा झुंजला, त्याला सहसा विसरत नाही. तेव्हाची चकिता तू होतीस. बकुळा म्हणजे ही नंदिला. आणि आक्का मीच होतो."

कुमुदा उठली. कापत्या हातांनीच तिने नंदिलेच्या पोळलेल्या हाताला तूप लावले. बोधिसत्त्वाने त्या जन्मी पाळली ती मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.