पाण्याच्या धुराची कहाणी

हातात पाच दाणे घ्या, मूठ मिटा, कहाणी संपेपर्यंत उघडू नका. ऐक कणगीमाते, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराला नदी होती, नदीला उतार होता, उताराशी गावाची कणगी होती. बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, दोन पुरुष उंच. सुगी झाली की प्रत्येक घरानं तिच्यात सूपभर जोंधळे घालावेत, आणि ज्याच्या घरी चूल थंड पडेल त्यानं पायलीभर न्यावेत, असा नगराचा नेम होता.

एका वर्षी काय झालं? एकानं दोनदा नेले. बायका कुजबुजल्या, पंच बसले, त्यांनी कणगीवर मोठ्याबाई नावाच्या विधवेला बसवलं. मोठ्याबाई नेमाची करडी. ती म्हणाली, "ज्याला धान्य हवं त्यानं तीन खुणा दाखवाव्यात. चुलीतली थंड राख आणावी, कोरडं मडकं आणावं, शेजारणीची साक्ष आणावी. मग न्यावं." सारे म्हणाले, बरोबर आहे.

त्या नगरात चिमा नावाची बाई होती. नवरा नावाडी, तो पुरात गेला. पदरात चार महिन्यांची मुलगी. पाठचा भाऊ एकच, हैबती. तो नदीपलीकडच्या टेकडीवर राजाच्या तळ्यासाठी दगड फोडी. अमावास्येला घरी येई, मिळालेलं धान्य बहिणीपुढं ओती आणि परत जाई. मनाचा चांगला, डोक्याचा गरम.

एका अमावास्येला तो निघाला, तशी चिमा म्हणाली, "हैबती, या खेपेचं धान्य पंधरा दिवसांपुढं जायचं नाही रे. मी कणगीवर जाऊ का?"

हैबती तापला. "राखेची पाटी घेऊन? माझी बहीण? मी मेलो का आक्का?"

"तोंड सांभाळ. बहिणीच्या दारात असं बोलतात का?"

"मग तू कणगीचं नाव काढू नकोस. आपली चूल थंड पडली असं नगरानं म्हणता कामा नये. रोज तिन्हीसांजा धूर निघाला पाहिजे. मी टेकडीवरून बघेन. धूर दिसला की मला घास गोड लागेल. शपथ आहे माझी."

चिमा हसली. "बरं बाबा, तुझ्या घासासाठी धूर काढीन."

शपथ घालून तो गेला. बोलण्याआधी विचार केला नाही, बोलून झाल्यावरही केला नाही.

मग पंधरा दिवस झाले, धान्य सरलं. चिमानं मडक्यात पाणी ठेवलं, खाली पाचोळा पेटवला. धूर निघाला. तिनं ऊन पाणी प्यावं आणि लेकीला अंगावर पाजावं, असे आठ दिवस काढले. नवव्या दिवशी दूध आटलं. मुलगी रडू लागली. मग शपथ बाजूला ठेवून चिमा राखेची पाटी घेऊन कणगीवर गेली.

मोठ्याबाईनं राखेत बोटं घातली. "ऊन लागतेय गं."

"काल पाचोळा जाळला, बाई."

"वर काय शिजवलं?"

चिमेला भाऊ आठवला, तोंड उघडेना. मोठ्याबाई म्हणाली, "राख थंड झाली की ये."

घरी आली, तिन्हीसांज झाली. आज चूल पेटवू नये असं तिच्या मनात आलं. तिनं टेकडीकडं पाहिलं. तो बघत असेल, जेवायचा थांबेल. तिनं पाचोळा पेटवला. टेकडीवर हैबतीनं धूर पाहिला. म्हणाला, "आक्का जेवली." आणि आपली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिनं राख वाऱ्यावर पसरली, थंड केली, मडकं घेऊन गेली. मोठ्याबाईनं मडक्यात हात फिरवला. "ओलं आहे."

"पाणीच होतं, बाई."

"रिकाम्या पोटी कोण मडकं चढवतं? चिमा, तुझ्यावर माझा राग नाही. पण तुझ्या एकीसाठी नेम मोडला तर उद्या सगळ्या येतील. मी कोणाकोणाला नाही म्हणू?"

चिमा परतली. पाचोळा संपला होता. तिनं केरसुणी जाळली. टेकडीवर हैबतीनं धूर पाहिला. म्हणाला, "आक्का जेवली." आणि आपली भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी राख थंड केली, मडकं उन्हात वाळवलं, शेजारच्या गिरजाकाकीला बोलावलं. मुलीचं रडणं थांबलं होतं. रडायला जोर उरला नव्हता.

मोठ्याबाई म्हणाली, "गिरजा, नदीची आण घे. डोळ्यांनी पाहिलंस ते सांग."

गिरजाकाकीनं खाली पाहिलं. "रोज तिन्हीसांजा हिच्या छपरातून धूर निघतो. आण घेऊन खोटं कसं बोलू?"

मग चिमानं तोंड उघडलं. "काकी, तो नुसत्या पाण्याचा धूर आहे गं."

पाण्याला आलेल्या बायका हसल्या. "पाण्याचा धूर! उद्या म्हणेल, वाऱ्याची भाकरी."

चिमा घरी आली. जाळायला काही नव्हतं. तिनं छपराचं गवत उपसलं, ते पेटवलं. टेकडीवर हैबतीनं धूर पाहिला. म्हणाला, "आक्का जेवली." आणि आपली भाकरी खाल्ली.

चौथ्या दिवशी धूर निघाला नाही.

हैबतीनं हातातला घास टाकला. घण खांद्याला लावून टेकडी उतरला, नदीत शिरला, छातीभर पाण्यातून आला. दारात गिरजाकाकी तोंडावर पदर धरून उभी. आत चुलीशी चिमा पडली होती. अंग थंड, चूल थंड. मडक्यात पाणी. मुलगी कुशीत, ओठ तेवढे हलत होते.

गिरजाकाकी लेकुरवाळी होती. तिनं मुलीला उचललं, छातीशी धरलं. मुलीला चोखता येईना. काकीनं दूध पिळून थेंब ओठांवर सोडला, तो ओघळला. दुसरा सोडला, तोही ओघळला. तिसरा मुलीनं गिळला.

काकीनं कणगीवरचं सगळं सांगितलं, तसा हैबती वळला. दगड फोडायचा घण उचलला आणि कणगीवर धावला. मोठ्याबाई आडवी आली. "मार. पण मी नेमानं वागले."

त्यानं घण उगारला. तशी कणगीतून वाणी झाली, "हैबती, घण कोणावर घालतोस? राख मागणारीवर, साक्ष देणारीवर, की शपथ घालणाऱ्यावर?"

घण हातातून पडला. तो गुडघ्यांवर आला. "आई, माझी आक्का परत दे."

"माझ्यापाशी धान्य आहे, बाळा. गेलेला जीव नाही."

"मग मी काय करू?"

"वसा घे. सुगी झाली की सुपात जोंधळे घ्यावेत, वर हळकुंड ठेवावं, शेजारच्या घरी आपण चालत जावं. राख मागू नये, साक्ष मागू नये. लांबून धूर पाहून परतू नये. उंबरा ओलांडावा, मडक्याचं झाकण काढावं. पकडायला काढू नये, भरायला काढावं. दान म्हणू नये, ओटी म्हणावं. घेणारीनं त्यातले पाच दाणे परत द्यावेत, ते कणगीत टाकावेत. मग दिलं कोणी आणि घेतलं कोणी, ते एकट्या मला ठाऊक. देऊन उतू नये, पाहून मातू नये, घेतला वसा टाकू नये."

हैबतीनं वसा घेतला. पंचांनी तीन खुणा मोडल्या. मोठ्याबाई कणगीवरून उठली, घरात बसली, कोणाशी बोलेना.

पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली. मोठ्याबाईच्या घरात पाणी शिरलं, सगळं धान्य कुजलं. पूर ओसरला, तिच्या छपरातून मात्र रोज धूर निघे. हैबतीनं तो टेकडीवरून पाहिला. मनात आलं, निघतोय ना धूर? मग निघू दे. जळो तिचं छप्पर. तो तीनदा घास तोंडाशी नेऊन तीनदा खाली ठेवता झाला. मग उठला, नदी उतरून नगरात आला. गिरजाकाकीकडून भाचीला कडेवर घेतलं, सूप घेतलं, मोठ्याबाईचा उंबरा ओलांडला आणि मडक्यावरचं झाकण काढलं.

आत पाणी उकळत होतं.

मोठ्याबाईनं तोंड फिरवलं. "कोणत्या तोंडानं कणगीवर येऊ?"

"येऊ नका. ओटी घ्या."

"मी विधवा बाई. मला ओटी कोण भरणार? आणि पुरुषानं ओटी भरलेली कोणी ऐकलीय का, वेड्या?"

"मातेनं कुंकवाचं नाव काढलं नाही. आणि मी कुठं भरतोय?"

त्यानं सूप खाली ठेवलं, भाचीला सुपाशी बसवलं. मुलीनं जोंधळ्यात हात घातला, मूठ भरली, आणि मोठ्याबाईच्या पदरात सोडली. मोठ्याबाई ढसाढसा रडली. पाच दाणे तिनं मुलीच्या मुठीत परत दिले, मुठीचा मुका घेतला.

त्या सांजेला नगरातल्या सगळ्या छपरांतून धूर निघाला. हैबतीनं लांबून पाहिला नाही, घरोघर जाऊन झाकणं काढली. सगळीकडं शिजत होतं. एकाच छपरातून धूर निघाला नाही. तिथं आता कोणी राहत नव्हतं.

कणगीमाता सगळ्यांना पावली, चिमेला पावली नाही. जे चिमेला मिळालं नाही, ते तुम्हां आम्हां वेळेवर मिळो. आता मूठ उघडा, पाच दाणे शेजारणीच्या पदरात घाला, आणि घरी जाताना तिचा उंबरा ओलांडून जा. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ती भरल्या मडक्यात सुफळ होवो, शिजल्या अन्नानं संपूर्ण होवो.