टिचकीच्या दारावरचं चाक

माळावर एक रस्ता होता. रस्त्याच्या कडेला एक बीळ होतं. बिळात राहायची टिचकी उंदरी. तिला तीन पिल्लं होती. गुलाबी गुलाबी. अजून डोळेही न उघडलेली.

एका सकाळी टिचकी दाणे आणायला गेली. आभाळ काळं होतं. वारा गार होता. दाणा तोंडात धरून ती परत आली. तुरुतुरु तुरुतुरु.

बघते तर काय? दारच नाही! दारावर चाक. काळं काळं, जाड जाड चाक.

चाक होतं ट्रेलरचं. ट्रेलरवर होतं पवनचक्कीचं पातं. केवढं लांब! पुढचं टोक चिंचेपाशी, मागचं टोक ओढ्यापाशी. वळताना चाक मातीत उतरलं. आणि ट्रेलर तिथंच थांबला.

टिचकीच्या तोंडातला दाणा पडला. तिनं मातीला कान लावला. आतून बारीक आवाज आला. चूं… चूं…

ट्रेलरचे ड्रायव्हर होते यमाजीमामा. गालाला हात लावून बसले होते. तुरुतुरु तुरुतुरु, टिचकी गेली त्यांच्याकडे.

“मामा मामा, ट्रेलर हलवा! चाक बसलं दारात, पिल्लं अडली बिळात.”

मामा म्हणाले, “कसा हलवू गं? वर विजेची तार आडवी आलीय. पातं तारेला लागेल. चार दिवस झाले, रोज मी असाच अडतो. वायरमन तार वर करेल, मग मी ट्रेलर हलवीन.”

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकी गेली वायरमनकडे. वायरमन होते गंगारामदादा. हातात लांब बांबू.

“दादा दादा, तार वर करा! ट्रेलर हलेना. चाक बसलं दारात, पिल्लं अडली बिळात.”

दादा म्हणाले, “बांबू लावू कुठून? तारेखाली बस उभी. बस मागं सरेल, मग मी तार वर करीन.”

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकी गेली बसकडे. बस चालवायच्या चंपाताई.

“ताई ताई, बस मागं घ्या! तार वर जाईना, ट्रेलर हलेना. चाक बसलं दारात, पिल्लं अडली बिळात.”

ताई म्हणाल्या, “मागं कशी घेऊ? मागं म्हैस बसलीय. हॉर्न वाजवून दमले मी. म्हैस उठेल, मग मी बस मागं घेईन.”

तुरुतुरु तुरुतुरु, टिचकी गेली म्हशीकडे.

“म्हशीबाई म्हशीबाई, उठा ना! बस मागं सरेना, तार वर जाईना, ट्रेलर हलेना. चाक बसलं दारात, पिल्लं अडली बिळात.”

म्हैस म्हणाली, “हम्मा! कशी उठू? पायात काटा रुतलाय. हौसाकाकू काटा काढेल, मग मी उठेन.”

हौसाकाकू म्हशीची मालकीण. तिथंच बसली होती, हातात सुई घेऊन.

“काकू काकू, काटा काढा! म्हैस उठेना, बस मागं सरेना, तार वर जाईना, ट्रेलर हलेना. चाक बसलं दारात, पिल्लं अडली बिळात.”

काकू म्हणाली, “दिसतच नाही गं लेकी. डोळे झाले म्हातारे, त्यात हे काळं आभाळ. ऊन पडेल, मग मी काटा काढीन.”

टिचकी दगडावर चढली. मान वर केली. ओरडली,

“सूर्यबाबा सूर्यबाबा, ऊन पाडा! काटा निघेना, म्हैस उठेना, बस मागं सरेना, तार वर जाईना, ट्रेलर हलेना. चाक बसलं दारात, पिल्लं अडली बिळात.”

सूर्य ढगामागं होता. लांब लांब होता. त्याला ऐकूच गेलं नाही.

टिचकी रडली. मुसुमुसु मुसुमुसु. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं.

मग तिनं डोळे पुसले. ती म्हशीच्या पायाशी गेली. खूर केवढा! टिचकीहून मोठा. म्हशीनं पाय झटकला तर?

“म्हशीबाई, पाय हलवू नका हं.”

“नाही हलवत गं. पण हळू.”

टिचकीला काटा दिसला. तिनं तो दातांत धरला. ओढला. निघेना. पुन्हा ओढला. निघेना. डोळे मिटून ओढला. कट्!

काटा निघाला. म्हैस उठली, हम्मा! बस मागं सरली, पॉं पॉं! तार वर गेली, हळू हळू. ट्रेलर हलला, घर्रर्र… वीतभर. हातभर. चाक सरलं.

पण दार कुठंय? नुसती दाबलेली माती. टिचकीनं कान लावला. आवाज नाही.

यमाजीमामांनी ट्रेलर थांबवला. खाली उतरले. “माझ्याच चाकानं गं,” म्हणाले. गुडघ्यावर बसले. बोटांनी माती काढू लागले. हळू हळू. हळू हळू.

एक पिल्लू निघालं. चूं!

दुसरं निघालं. चूं!

तिसरं निघालं. गप्प. गार गार.

टिचकी त्याला बिलगून बसली. दादा थांबले. ताई थांबल्या. काकू थांबली.

मग अगदी हळूच आवाज आला. चूं.

मामांनी बांधाजवळ मऊ जागा उकरून दिली. वर गवत पसरलं. तिन्ही पिल्लं आईच्या कुशीत शिरली. चुटूचुटू दूध पिऊ लागली. टिचकीनं त्यांना चाटलं. पुन्हा पुन्हा चाटलं.

मामा ट्रेलरवर चढले. पुढच्या वळणावर आणखी एक तार होती.

आईची ऊब पिल्लांना, लांबची वाट मामांना. गोष्ट सरली, निजा आता.