बाहेरून कडी नसलेली दारं

बेणेवाडीत नवखा माणूस आला की बस्त्यावकाका त्याला आधी दारं दाखवतात. सगळ्या घरांना आतून अडसर आहे, पण बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप घालायला जागाच नाही. कारण विचारलं तर काका वेशीवरच्या क्रुसाच्या चौथऱ्याला टेकून इनासीनची हकीकत सांगतात.

प्लेगाच्या साली, म्हणे, मिठागरावरची एक परकी बाई तापानं फणफणत गावात आली. काखेत गाठ आलेली. गावानं तिला या चौथऱ्याशेजारच्या झोपडीत ढकललं. विधवा इनासीन पेज आणि पाण्याची कळशी घेऊन निघाली, तेव्हा तिचा सख्खा भाऊ पास्कोल आडवा आला. रोज संध्याकाळी इथं गावाची रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, तोच सांगायचा.

“आत गेलीस तर बाहेर येणं नाही,” तो म्हणाला.

“रोज इथं दयेची प्रार्थना सांगतोस, मग ती दया करायची कुणी?” एवढंच बोलून ती आत शिरली.

पास्कोलनं बाहेरून कडी घातली आणि वर खुंटी ठोकली.

इनासीनला वाटलं, राग उतरला की उघडेल. तिनं बाईची गाठ शेकली, अंग पुसलं, पेज भरवली. कळशीतलं पाणी तळाला गेलं तशी ती दार वाजवू लागली. पाणी मागायची, दुसरं काही नाही. रोजरीच्या वेळी तिची हाक आली की पास्कोल वरच्या पट्टीत प्रार्थना म्हणायचा आणि त्याच्यामागून सगळा गाव आवाज चढवायचा. मग एका संध्याकाळी आवाज चढवायची गरज उरली नाही.

झोपडी जाळायला गाव जमला. पास्कोल पलिता घेऊन पुढे झाला, तोच आतून कण्हणं ऐकू आलं. कडी काढली. इनासीन दाराशी मरून पडली होती, बोटांची नखं फुटलेली. परकी बाई मात्र जिवंत होती. कळशीतलं शेवटचं पाणी इनासीननं तिलाच पाजलं होतं.

“माझ्याबद्दल काही बोलली?” पास्कोलनं विचारलं.

“म्हणायची, बाहेर भाऊ आहे माझा. पाणी आणायला गेला असेल.”

पास्कोलनं ती कडी हातांनी उपटली, मग घरी जाऊन स्वतःच्या दाराचीही. पुन्हा त्यानं कधी रोजरी सांगितली नाही. हळूहळू साऱ्या गावानं कड्या काढल्या, असं सांगतात.

आजही बेणेवाडीत चोऱ्या होतात. गेल्या वर्षी काकांच्याच घरातले हंडे गेले. पोलीस म्हणतात, कुलूप लावत जा. काका मान डोलावतात, पण कडी बसवायला कुणी जात नाही.